खड्याची चौकशी

आमच्या घरात कुणी गोड बोललं की आधी शंका येते. अण्णांनी उभी हयात एसटीत कंडक्टरकी केली. खरंच झोपलेला पॅसेंजर आणि तिकीट चुकवायला झोपलेला पॅसेंजर, यातला फरक म्हणे त्यांना नुसत्या पापणीवरून कळायचा. निवृत्त झाले तसे पॅसेंजर संपले, संशय तेवढा शिल्लक राहिला. मुकुंदवाडीतल्या आमच्या गल्लीत दूधवाला, मीटर बघणारा, मतं मागायला आलेला उमेदवार, सगळ्यांकडं ते अजून तिकीट मागितल्यासारखंच बघतात.

मी त्यांचीच लेक. शहरातल्या एका कॉलेजात तासिका तत्त्वावर फिजिक्स शिकवते. प्रॅक्टिकलचं जर्नल हातात आलं की मनात पहिला प्रश्न येतो, हे कुणाचं उतरवलंय? आणि दहातल्या नऊ वेळा ते उतरवलेलंच असतं. त्यामुळं माझा स्वभाव सुधारायला कधी वावच मिळाला नाही.

स्थळ आलं ते पैठणचं. मुलगा शेंद्र्याच्या एमआयडीसीतल्या एका कंपनीत क्वालिटी विभागात इंजिनियर. आठवडाभर इथं खोली करून राहायचा, रविवारी पैठणला आईकडं जायचा. वडील वारलेले, थोडी शेती, घर स्वतःचं. अण्णांनी रीतसर चौकशी केली. आमच्याकडं पत्रिका एक वेळ जुळली नाही तरी चालतं, पण चौकशीशिवाय लग्न होत नाही. मुलाला बघण्याआधी मुलाच्या गल्लीतला किराणा दुकानदार बघतात. अण्णा कंपनीच्या गेटसमोरच्या टपरीवर दोन दिवस चहा पीत बसले. मग पैठणला जाऊन, पैठणी बघायला आलोय असं सांगून, त्यांच्या आळीत फिरून आले. दारू नाही, उधारी नाही, भांडण नाही. पोरगं आईला धरून आहे, असं प्रत्येकजण म्हणाला.

घरी आले ते तोंड पाडून.

"काय झालं?" आईनं विचारलं.

"काहीच निघालं नाही. एवढं सरळ स्थळ आपल्या दारात कशाला येईल? पाणी कुठंतरी मुरतंय."

खरं सांगायचं तर मला तो आवडला होता. बघायच्या कार्यक्रमात बाकीच्या पोरांनी स्वयंपाक येतो का विचारलं होतं, यानं विचारलं की तुमच्या लॅबमध्ये सगळ्यात चांगला प्रयोग कुठला. मी म्हटलं, माणकाचा. त्यानं तो समजून घेतला, मधे दोन नीट प्रश्न विचारले, आणि स्वतःचा विनोद पुरा व्हायच्या आत स्वतःच हसला. मी त्या दिवशी चहाचा कप हातात घेऊन उभीच राहिले, आई म्हणाली आता ठेव तो.

साखरपुडा आमच्याकडंच झाला, गल्लीजवळच्या छोट्या हॉलमध्ये. कुंकू लावून झालं, साखरेचा पुडा दिला, आणि त्याच्या आईनं स्वतःच्या बोटातली अंगठी काढून माझ्या बोटात घातली. जुनी, जाड सोन्याची, मधे लाल खडा.

"माझ्या आईनं मला दिलेली हाय," ती म्हणाली, सगळ्या हॉलला ऐकू जाईल अशी. "अस्सल माणिक, बरं का. लई जुनं."

सगळ्यांनी वा वा केलं. पण मी कंडक्टरची लेक. माझी नजर बोटावर नव्हती. त्यांच्याकडच्या दोन बायका मागच्या रांगेत बसल्या होत्या, चुलत्या असाव्यात. त्यांनी एकमेकींकडं बघितलं आणि तोंडाला पदर लावला. आणि नवरदेव त्या वेळी छताच्या पंख्याकडं बघत होता. पंखा बंद होता.

झालं! माझ्या डोक्यात किडा शिरला तो शिरलाच. त्याच आठवड्यात फोनवर मी हसत हसत विचारलं, "खडा खरा आहे ना हो? का आमची फसवणूक केलीत?"

"शंभर टक्के खरा," तो म्हणाला. "आईची अंगठी आहे. शंका कसली घेता!"

अण्णांनी तर पंगत उठायच्या आधीच निकाल लावला होता. "एवढ्या मोठ्यानं कोण सांगतं गं? ज्याचं नाणं खणखणीत, तो ते कशाला वाजवत बसेल? काच असणार."

"असली काच तर काय बिघडलं?" मी म्हटलं. "मला खडा काय करायचाय?"

"खड्याचं नाही. पहिल्याच दिवशी खोटं बोलले असतील तर पुढं काय काय बोलतील? काच निघाली तर मी सोयरीक मोडणार. आत्ताच सांगून ठेवतो."

त्यांचं चुकत होतं असंही म्हणता येईना. प्रश्न एवढाच होता की बघायचं कसं. सराफ्यात न्यायची सोय नव्हती. तिथल्या निम्म्या पेढ्यांचे पैठणला सोयरे. सकाळी अंगठी दाखवली तर संध्याकाळपर्यंत गोदावरीच्या घाटावर बोभाटा झाला असता, की मुलीकडचे खडा तपासत फिरतायत. अण्णा माझ्याकडं बघून म्हणाले, "तुझ्या त्या मशीनवर बघ की. तुम्ही माणकाचंच काहीतरी करता ना तिथं?"

मी दोन दिवस नाही म्हटलं. तिसऱ्या दिवशी शेवटचा तास संपल्यावर लॅबचं दार आतून लावलं.

तो प्रयोग असा आहे. माणकावर हिरव्या दिव्याचा झोत टाकायचा. माणकात क्रोमियमचे अणू असतात, ते तो हिरवा प्रकाश पिऊन वरच्या पातळीवर जाऊन बसतात. त्यांना उत्तेजित अणू म्हणतात. मग दिवा एकदम बंद करायचा. अणू एकेक करून खाली उतरतात, आणि उतरताना प्रत्येकजण लाल प्रकाशाचा एक कण सोडतो, एक फोटॉन. दिवा विझला तरी माणिक काही क्षण लाल उजळत राहतं. काही क्षण म्हणजे डोळ्याला दिसणारच नाहीत इतके बारीक. ते ऑसिलोस्कोपच्या पडद्यावर दिसतात: एक रेघ उंचावरून निघते आणि वाकत वाकत खाली येते. एका ठरावीक वेळात निम्मे अणू उतरतात, पुढच्या तेवढ्याच वेळात उरलेल्यांतले निम्मे, मग त्यांतले निम्मे.

पोरं दर वर्षी एकच चूक करतात. "मॅडम, जो अणू सगळ्यात जास्त वेळ थांबलाय, त्याचा नंबर आधी लागेल ना?" पाण्याच्या टँकरपुढं हंडे लावून वाढलेली पोरं ती, त्यांना दुसरं काय सुचणार! मी सांगते, तिथं रांग नसते रे. अणूला आपण किती वेळ थांबलोय हे माहीतच नसतं. पुढच्या क्षणी उतरण्याची शक्यता आत्ता वर गेलेल्याची जेवढी, तेवढीच कधीपासून बसलेल्याची. एक अणू कधी उतरेल हे कुणी छातीठोक सांगू शकत नाही, पण कोट्यवधींचा घोळका घेतला की रेघ अशी गुळगुळीत येते की बघत राहावं. मला हा प्रयोग आवडतो, कारण यात कुणाच्या शब्दावर विश्वास ठेवावा लागत नाही.

आधी लॅबमधली माणकाची कांडी लावून बघितली. ती कारखान्यात बनवलेली, पेन्सिलीच्या तुकड्याएवढी. रेघ नेहमीसारखी उंच निघाली, सावकाश खाली आली. मग कांडी काढून तिथं अंगठी ठेवली, वरून काळं कापड ओढलं आणि बटण दाबलं.

रेघ अगदी बुटकी निघाली. आणि लगेच खाली बसली.

अंगठी सरकवून बघितली. कापड नीट केलं. झोत वळवणारा आरसा पुसला. परत तेच. कांडीच्या निम्म्यानंही उजेड नाही, आणि आहे तोही लवकर विझतोय. मी ती अंगठी बोटात घातली, परत काढली, आणि डब्याच्या पिशवीत टाकली. रिक्षात बसल्यावर मला चक्क रडू आलं. राग कुणाचा आला होता हेही कळत नव्हतं. त्याचा, अण्णांचा, का त्या मेल्या ऑसिलोस्कोपचा.

घरी सांगितलं की मशीन बंद आहे. अण्णांनी माझ्या तोंडाकडं नीट बघितलं. त्यांनी पापणी बघितली असणार.

पुढचे काही दिवस मी काय हाल काढले ते माझं मला माहीत. त्या माणसाचं प्रत्येक वाक्य मी भिंगाखाली घालून बघायला लागले. मीटिंगमध्ये आहे म्हणाला, मग मागं पोरांचा आवाज कसा? पगाराचा आकडा सांगितला तो हातात येणारा की कागदावरचा? क्वालिटीत आहे म्हणतो, तर स्वतःच्या घरातल्या अंगठीची क्वालिटी याला कळू नये? त्यानं गुड मॉर्निंगचा फुलवाला मेसेज पाठवला तरी मला वाटायचं, हा आणखी कुणाकुणाला गेला असेल. एकदा संशयाचं भूत मानगुटीवर बसलं की त्याला सगळंच खायला चालतं.

मग एक दिवस एस.वाय.च्या वर्गात तीच रेघ फळ्यावर काढत होते. काढता काढता हात थांबला. अगं बाई! अंगठीची रेघ लवकर खाली आली होती, पण एकदम पडली नव्हती. वाकत आली होती. काचेची रेघ वाकत नाही. लाल काचेत क्रोमियमची ही भानगडच नसते. दिवा विझला की काचेचा उजेड त्याच क्षणी संपतो, रेघ कड्यावरून दगड टाकावा तशी सरळ खाली येते. आणि मी शहाणी, नुसता बुटकेपणा बघून काच ठरवून मोकळी झाले होते! पोरांनी केली असती तर वहीवर लाल शाईनं रेघोट्या मारल्या असत्या अशी चूक.

"मॅडम, पुढं?" कुणीतरी विचारलं. मी म्हटलं, पुढचं घरी करा.

त्या दुपारी मी परत दार लावून बसले. या वेळी घाई केली नाही. रेघेवरच्या आकड्यांचे लॉगॅरिदम काढून आलेखावर मांडले, ते सरळ रेषेत बसले. म्हणजे अणू उतरत होते, नियमाप्रमाणं, फक्त लवकर. मग अंगठीवर हिरवा लेझर टाकून स्पेक्ट्रोमीटरच्या दुर्बिणीला डोळा लावला. बराच वेळ काही दिसेना. डोळा अंधाराला सरावला तशा अगदी जवळजवळ लागून असलेल्या दोन बारीक लाल रेघा दिसल्या. कांडीला ज्या जागी दिसतात त्याच जागी. त्या रेघा माणकाशिवाय दुसऱ्या कशाला तिथं येत नाहीत.

मग उजेड कमी का? पुस्तकं काढली. जमिनीतून निघालेल्या खड्यात लोखंड असतं. उत्तेजित अणूला खाली यायला मग दोन वाटा होतात. एक प्रकाश देऊन, दुसरी शेजारच्या लोखंडाला गुपचूप ऊर्जा देऊन, बिनउजेडाची. दोन वाटा असल्या की दर क्षणाला उतरण्याची शक्यता वाढते, घोळका लवकर रिकामा होतो, आणि प्रकाश कमी पडतो. कारखान्यातल्या कांडीत लोखंडाचं नाव नसतं, म्हणून ती झगमगते. माझ्या बोटातला खडा मंद होता, कारण तो जमिनीतून आलेला होता. सूक्ष्मदर्शकाखाली आत तुटक्या धाग्यांसारखे डागही दिसले. असले डाग कारखाना घालत नाही.

मी लॅबमध्ये एकटी असून मोठ्यानं हसले. घरी जाऊन सांगितलं, "अण्णा, माणिक अस्सल आहे. खाणीतलं आहे."

अण्णांनी चष्मा काढला. "मशीन बिघडलेलं नाही ना?"

"नाही."

"नक्की?"

"अहो अण्णा!"

"बरं मग," ते म्हणाले, आणि कितीतरी दिवसांनी त्यांनी लग्नाच्या हॉलचा विषय काढला.

रविवारी तो पैठणला जायच्या आधी आम्ही सिडकोतल्या एका हॉटेलात भेटलो. मला राहवत नव्हतं. चहा यायच्या आधीच सगळं सांगून टाकलं. त्या चुलत्या, तो पदर, माझी शंका, लॅब, बुटकी रेघ, माझं रडणंसुद्धा. मला वाटलं होतं तो चिडेल, आणि चिडला असता तर मी माफी मागणार होते. तो चिडला नाही. पुढं झुकला, आवाज खाली आणला आणि म्हणाला, "मग? काय निघालं?"

"अस्सल."

"काय सांगता!" त्यानं मोठा श्वास सोडला आणि खुर्चीला टेकला. "नक्की? आयला! बाबा तर जन्मभर सांगायचे काच आहे म्हणून. आख्ख्या भावकीला माहीत होतं काच आहे."

तो खुशीत हसत होता. मला ते वाक्य आत जायला थोडा वेळ लागला.

"म्हणजे तुम्हाला ती काच वाटत होती," मी म्हटलं.

"हो ना! म्हणून तर म्हणतोय, कमालच झाली."

"साखरपुड्यात पण?"

आता त्याचं हसणं थांबलं. "अहो, आईला कसं दुखवणार? तिला तेवढाच एक अभिमान आहे. चारचौघांत तिला खोटी पाडू?"

"चारचौघांत नका पाडू. मी फोनवर विचारलं होतं. आपण दोघंच होतो. तुम्ही शंभर टक्के म्हणालात."

"लग्नानंतर सांगणारच होतो."

"लग्नानंतर!"

"तुम्हीपण मला न विचारता तपासलीत की," तो म्हणाला. ते खरं होतं, आणि खरं होतं म्हणून मला जास्तच झोंबलं. पण मी शंका घेतली होती ती सरळ विचारून, आणि त्यानं मनात काच ठेवून शंभर टक्के म्हटलं होतं. त्याला वाटलं विषय मिटला. त्यानं चहाचा कप माझ्याकडं सरकवला आणि समजूत घातल्यासारखं म्हणाला, "अहो, खरा निघाला ना शेवटी? मग झालं तर!"

त्याला खरंच वाटत होतं की झालं. खडा खरा निघाला म्हणजे त्याचं ते शंभर टक्केसुद्धा आपोआप खरं झालं, असा त्याचा हिशोब. ते बघून मला भीती वाटली. रागापेक्षा भीतीच. हा माणूस वाईट नव्हता हो. उद्या घराचं, आजारपणाचं, पोराबाळांचं काहीही असंच शंभर टक्के सांगेल, आणि खरं निघालं तर हसेल, खोटं निघालं तर लग्नानंतर सांगणार होतो म्हणेल. आणि मी जन्मभर दार लावून काळ्या कापडाखाली तपासत बसेन.

मी अंगठी काढून त्याच्या कपाशेजारी ठेवली. "आईंना परत द्या. अस्सल आहे म्हणून सांगा."

"अहो, एवढ्याशा गोष्टीवरून?"

"हो," मी म्हटलं, आणि उठले. बाहेर ऊन मी म्हणत होतं. रिक्षावाल्यानं कुठं जायचं विचारलं तर मला पटकन पत्ता आठवेना.

अण्णांनी रिकामं बोट बघितलं. मी सगळं सांगितलं. मला वाटलं म्हणतील, बघ, मी म्हटलं नव्हतं? पण ते उठून बाहेर गेले आणि संध्याकाळपर्यंत आले नाहीत.

पुढच्या रविवारी दुपारी फोन आला. पैठणहून, त्याच्या आईचा. मी घ्यावा की नको असा विचार करता करताच घेतला.

"पोरी, तुला अंगठीचा संशय आला म्हणं," ती म्हणाली. "म्हणून मोडलंस म्हणं. काच वाटली व्हय तुला?"

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. असं सांगितलं का यानं घरी! पण बाईवर ओरडण्यात काय अर्थ. "नाही आई. मी कॉलेजात मशीनवर बघितली. अस्सल माणिक आहे. जमिनीतलं."

"मशीनवर?"

"हो."

"अन् खरी निघाली."

"हो आई."

"मला ठावं व्हतं," ती म्हणाली. "माझ्या आईनं दिलेली, मला ठावं नसंल तर कुणाला? पर ह्याचा बाप मरस्तोवर काच काच करत ऱ्हायला. माझ्या माहेरचं काय बी असू दे, त्यांच्या लेखी काचच. जावा तोंडाला पदर लावून हसायच्या. मी म्हणलं, हसा बायांनो. पोराला तेवढं लहानपणापासून सांगत आले, बाळा, बाप काय बी म्हणू दे, ही खरी हाय, माझ्यावर भरोसा ठेव."

मी फोन दुसऱ्या कानाला धरला.

"मग खरी निघाली तर मोडलंस कशापायी?"

"आई, ते जाऊ द्या."

"जाऊ कसं दिऊ?" ती बाई काही भोळी नव्हती. मागं कुकरची शिट्टी झाली, कुणीतरी टीव्हीचा आवाज वाढवला. मग ती हळू आवाजात, फोन तोंडाजवळ धरून म्हणाली, "त्याला बी काचच वाटत व्हती व्हय?"

मी खोटं बोलायला तोंड उघडलं. एक शब्द पुरला असता, आणि तिचं काही वाईट झालं नसतं.

"खरं सांग, पोरी. तू मास्तरीण हाईस."

"व्हय," मी म्हटलं.

टीव्ही चालूच होता, आणि तो बघत हसणाऱ्या तिच्या मुलाचा आवाज मागून ऐकू आला.

"ठिवते," ती म्हणाली. "त्याला जेवाया वाढायचंय."